भरलेली बॅटरी, रिकामी चाळ

"बॅटरी फुल झाली" हे वाक्य आपल्या घरात दिवसातून एकदा तरी कोणीतरी म्हणतंच. मोबाइलवरची पट्टी काठोकाठ भरलेली दिसते आणि आत काहीतरी ठासून भरलंय असं आपल्याला वाटतं. गंमत अशी की बॅटरीच्या ज्या भागावर तिची किंमत, तिचं आयुष्य आणि बऱ्याच अंशी तिची सुरक्षितताही अवलंबून असते, तो भाग नेमका त्याच वेळी सगळ्यात रिकामा असतो. त्या भागाचं नाव कॅथोड. लिथियम-आयन बॅटरीचा गेल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं की जास्तीत जास्त वीज साठवायची ही झाली वरवरची गोष्ट. खरी झटापट चालली होती ती रिकामं झालेलं घर पडू न देण्यासाठी.

तर मंडळी, आधी थोडी पायाभरणी. शाळेत पाठ केलेलं धनाग्र-ऋणाग्र इथे जरा बाजूला ठेवू, कारण त्याने गोंधळच जास्त होतो. कॅथोड म्हणजे बॅटरीच्या अधिक चिन्हाकडचा पदार्थ, एवढं धरून चाला. आता समोरासमोर दोन चाळी आहेत अशी कल्पना करा. एक कॅथोडची, दुसरी ग्राफाइटची. मधल्या बोळात एक द्रव भरलेला, त्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात. लिथियमचे आयन हे या चाळींतले बिऱ्हाडकरू. आपण चार्जर लावला की कॅथोडच्या चाळीतली बिऱ्हाडं उठतात, बोळ ओलांडतात आणि ग्राफाइटच्या चाळीत जाऊन राहतात. फोन वापरायला लागलो की ती एकेक करून परत मूळ घरी येतात, आणि त्यांच्या वाटणीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून येताना आपलं काम करून जातात. हे जाणं-येणं शेकडो, हजारो वेळा व्हायला हवं, आणि दर वेळी चाळ होती तशीच राहायला हवी.

अडचण इथेच आहे. हे बिऱ्हाडकरू नुसते राहत नाहीत, चाळीचे मजले धरून ठेवायचं कामही तेच करतात. ते गेले की मजले सरकतात, जिने वाकतात, आणि कधीकधी भिंतीतली वीटच सुटून बाहेर येते. ती वीट म्हणजे ऑक्सिजन. बॅटरीतल्या आगीची गोष्ट बरीचशी या विटेची गोष्ट आहे.

सुरुवात होते १९७० च्या दशकात, अमेरिकेत. १९७३ च्या तेलसंकटाच्या आगेमागे एक्झॉन या तेल कंपनीलाच तेलानंतरच्या जगाची काळजी पडली होती. तिथे स्टॅन्ली व्हिटिंगहॅम हा नॉटिंगहॅमचा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९७२ साली रुजू झाला. त्याने टायटॅनियम डायसल्फाइड नावाचा पदार्थ निवडला. पापडाच्या चळतीसारखे थर, आणि दोन थरांमधल्या फटीत लिथियम आरामात शिरतं आणि आरामात निघतं. थर जेमतेम दहा टक्के फुगतात आणि परत बसतात. चाळ म्हणून हा पदार्थ उत्तम होता. १९७६ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा लेख आला. साध्या तापमानाला पुन्हापुन्हा चार्ज होणारी, दोन व्होल्टच्या वर दाब देणारी लिथियम बॅटरी शक्य आहे हे त्याने दाखवून दिलं.

पण समोरची चाळ होती शुद्ध लिथियम धातूची. चार्ज करताना लिथियम परत त्या धातूवर नीट सपाट बसत नसे, सुईसारखे कोंब फुटत. असा एखादा कोंब वाढत वाढत पलीकडे पोचला की आत शॉर्ट सर्किट आणि आग. एक्झॉनच्या प्रयोगशाळेत अग्निशमन दलाला इतक्या वेळा यावं लागलं म्हणे, की लिथियमची आग विझवायला लागणाऱ्या खास रसायनांचे पैसे तुम्हीच भरा, अशी तंबी त्यांनी दिली. पुढे तेल स्वस्त झालं, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने या कामातून अंग काढून घेतलं.

इथे जॉन गुडइनफ यांचा प्रवेश होतो. १९२२ साली जर्मनीतल्या येना गावी जन्मलेला हा अमेरिकन माणूस मुळात पदार्थविज्ञानाचा. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत त्यांनी संगणकाच्या चुंबकीय स्मृतीवर काम केलं होतं. त्या कामात धातूंची ऑक्साइडं त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की कुठल्या ऑक्साइडात इलेक्ट्रॉन कुठे बसतो हे त्यांना जणू डोळ्यांसमोर दिसत असे. १९७६ साली ते ऑक्सफर्डला अकार्बनी रसायन प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. गंधकाच्या जागी ऑक्सिजन घेतला तर इलेक्ट्रॉन आणखी खालच्या पातळीवर बसतील आणि व्होल्टेज वाढेल. टोकियोहून आलेले कोइची मिझुशिमा आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एकामागून एक ऑक्साइडं तपासली, आणि १९८० साली लिथियम कोबाल्ट ऑक्साइड जगापुढे आलं. चार व्होल्ट!

या चार व्होल्टचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. व्हिटिंगहॅमची चाळ बांधतानाच रिकामी होती. लिथियम धातूच्या रूपात समोर ठेवावं लागे, आणि धातू म्हटला की आगीचं भय आलंच. गुडइनफ यांची चाळ बांधतानाच भरलेली होती. लिथियम आधीच कोबाल्ट ऑक्साइडच्या घरात बसलेलं, हवेत ठेवलं तरी शांत. म्हणजे बॅटरी कारखान्यात तयार व्हायची ती 'डिसचार्ज' अवस्थेत, आणि चार्ज व्हायची नंतर. तेव्हाच्या बॅटरी कंपन्यांना चार्ज झालेली बॅटरीच बनवायची सवय होती, त्यामुळे या उलट्या कारभाराचं मोल पटकन कोणाला कळलं नाही. ऑक्सफर्डने पेटंट घ्यायला नकार दिला. शेवटी हार्वेलच्या ब्रिटिश अणुऊर्जा संशोधन संस्थेने ते घेतलं, आणि गुडइनफ यांनी त्यावरचे आपले हक्क सोडून दिले. त्या शोधाच्या स्वामित्वधनातली दमडीही त्यांना मिळाली नाही.

मोल कळलं ते जपानमध्ये. असाही कासेई कंपनीतले अकिरा योशिनो ऋण बाजूला लिथियम धातू न वापरता काय ठेवता येईल हे शोधत होते. त्यांना असा कॅथोड हवा होता की ज्याच्या पोटात लिथियम आधीच आहे. १९८२ च्या अखेरीस गुडइनफ यांचा लेख त्यांच्या वाचनात आला आणि कोडं सुटलं. १९८५ पर्यंत त्यांनी एका बाजूला कोबाल्ट ऑक्साइड आणि दुसऱ्या बाजूला कार्बन अशी जोडी जमवली. मग १९८६ साली त्या बॅटरीवर लोखंडाचं वजन टाकून ती चेचून पाहिली, आणि तीही कंपनीच्या स्फोटकांच्या चाचणीच्या जागेत. धातूवाली बॅटरी त्याच चाचणीत भडकली, ही नाही. लिथियम-आयन बॅटरीचा खरा जन्म त्या क्षणी झाला असं योशिनो मानतात.

धातूची बाजू किती धोक्याची हे सिद्ध व्हायला फार दिवस लागले नाहीत. १९८९ साली कॅनडाच्या मोली एनर्जी या कंपनीच्या लिथियम धातूवाल्या बॅटऱ्यांनी जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेट घेतला. माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडीत निघाली. १९९१ साली सोनीने कोबाल्ट ऑक्साइड आणि कार्बनची बॅटरी बाजारात आणली. पुढचं आपण सगळ्यांनी पाहिलंय... हँडीकॅम, लॅपटॉप, मोबाइल.

इथे बहुतेक लेख संपतात. सगळे सुखाने नांदू लागले, वगैरे. पण कॅथोडची खरी परीक्षा आता सुरू होत होती.

कोबाल्ट ऑक्साइडच्या एका ग्रॅममधून सगळं लिथियम काढलं तर हिशोबाने २७४ मिलीअँपिअर-तास मिळायला हवेत. प्रत्यक्षात त्या पिढीच्या बॅटरीत १४० च्या आसपासच वापरत. का? तर निम्मीच बिऱ्हाडं उठवायची परवानगी होती. ऑक्सिजनच्या थरांवर ऋण भार असतो, ते एकमेकांना ढकलतात, आणि मधलं लिथियम त्यांना धरून ठेवतं. लिथियम निघू लागलं की थर आधी एकमेकांपासून दूर जातात. निम्म्याच्या पुढे गेलं की उलट जवळ येऊ लागतात, आणि जवळजवळ सगळंच काढलं तर थर एकमेकांवर सरकून रचनाच बदलते. १९९६ साली अमाटुची, तारास्काँ आणि क्लाइन यांनी हा प्रयोग टोकापर्यंत नेऊन पूर्ण रिकामं कोबाल्ट ऑक्साइड मिळवून दाखवलं. पण बॅटरीत रोज असं करायचं म्हणजे रोज चाळीचे मजले हलवायचे. वर कोबाल्ट विरघळून द्रवात जाणार. तुमच्या चार्जरमध्ये ४.२ व्होल्टची मर्यादा इतकी वर्षं कशासाठी ठेवलेली होती, त्याचं उत्तर हे आहे.

आणि ती ऑक्सिजनची वीट? मोली एनर्जीत त्या काळात जेफ डान नावाचे एक शास्त्रज्ञ होते. तिथली आग ज्यांनी जवळून पाहिली त्यांपैकी एक. १९९४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. लिथियम काढून घेतलेले तीन पदार्थ, निकेलचं, कोबाल्टचं आणि मँगनीजचं ऑक्साइड, तापवले तर ऑक्सिजन कधी सोडतात हे त्यात पाहिलं होतं. निकेलवालं सगळ्यात आधी सोडतं, मग कोबाल्ट, आणि मँगनीज बरंच उशिरा. निकेल आणि कोबाल्टची मजल दोनशे अंशांच्या आसपास संपते. लक्षात घ्या, भरलेली चाळ तापवली तर असं होत नाही. रिकामी चाळ तापवली की होतं. म्हणजे फुल चार्ज झालेली बॅटरी.

एकदा का ऑक्सिजन सुटला की शेजारी ज्वलनशील द्रव तयारच असतो. त्यातून उष्णता वाढते, आणखी ऑक्सिजन सुटतो, आणखी उष्णता. म्हणून ही आग झाकून विझत नाही. हवा बंद केली तरी तिची शिदोरी तिच्या पोटातच असते. भरपूर पाणी ओतून थंड करणं, एवढाच त्यातल्या त्यात उपाय. ठिणगी बाहेरून कुठूनही येऊ शकते. २००६ साली सोनीच्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहून गेले होते. तेव्हा एकट्या डेलने ४१ लाख आणि ॲपलने १८ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. जानेवारी २०१३ मध्ये बोइंग ७८७ विमानांच्या बॅटऱ्या पेटल्या आणि जगभरची ती विमानं जमिनीवर आली, त्यांत एअर इंडियाचीही सहा होती. त्या बॅटरीतही कॅथोड होता तो कोबाल्ट ऑक्साइडचाच. चूक कुठेही झालेली असो, ती किती महागात पडणार हे कॅथोड ठरवतो.

मग पर्याय काय? एक पर्याय १९८३ सालीच सापडला होता. दक्षिण आफ्रिकेहून ऑक्सफर्डला आलेल्या मायकेल थॅकरे यांनी मँगनीजचा स्पिनेल पुढे आणला. स्पिनेल म्हणजे रत्नांच्या बाजारात माणिक म्हणून खपून गेलेला तोच खडा, निदान रचनेने त्याचा भाऊबंद. इथे थर नाहीत, तर तिन्ही दिशांनी बोगदे असलेली चौकट आहे, त्यामुळे लिथियम निघून गेलं तरी घर उभं राहतं. मँगनीज स्वस्तही. पण उष्णतेत त्याचं काही खरं नाही. इलेक्ट्रोलाइटमध्ये पाण्याचा अंश राहिला तर त्यातल्या क्षारापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि मँगनीज हळूहळू विरघळत समोरच्या ग्राफाइटवर जाऊन बसतं. घर पडत नाही, पण त्याला वाळवी लागते. निसानच्या पहिल्या लीफ गाड्यांत मुख्यतः मँगनीजचाच कॅथोड होता. २०१२ साली ॲरिझोनाच्या उन्हात त्यांची क्षमता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी आल्या, आणि पुढे कंपनीला उष्णता सोसणारी सुधारित बॅटरी आणावी लागली.

दुसरा पर्याय म्हणजे निकेल. कोबाल्टपेक्षा स्वस्त, आणि जास्त बिऱ्हाडं उठवू देणारं. पण निकेलचा आयन आकाराने लिथियमच्या जवळपास, त्यामुळे मालक तळमजल्यावर घुसून भाडेकरूच्या खोल्या अडवून बसतो. म्हणून २००० च्या आसपास निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचं मिश्रण आलं. अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत, जपानमध्ये ओझुकू यांच्याकडे आणि कॅनडात डान यांच्याकडे हे काम जवळजवळ एकाच वेळी झालं. निकेल क्षमता देतं, मँगनीज चौकट धरतं, कोबाल्ट निकेलला जागेवर ठेवतं. तीन भावांचं एकत्र कुटुंबच म्हणा ना. पण गाडी अधिक लांब पळावी म्हणून आणि कोबाल्ट महाग म्हणून पुढे निकेलचा वाटा वाढतच गेला. तिघे सारखे होते तिथून आठ-एक-एकपर्यंत आला. जितकं निकेल जास्त, तितका ऑक्सिजन लवकर सुटणार आणि कणांना तडे जाणार. म्हणजे १९९४ साली डान यांनी आखलेल्या यादीत आपण सगळ्यात कमकुवत टोकाकडे स्वतःहून चालत गेलो. ते सांभाळायला मग मुलामे आले, थंड ठेवणारी यंत्रणा आली, इलेक्ट्रॉनिक पहारेकरी आले.

तिसऱ्या पर्यायाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यात आपल्याकडची माणसंही आहेत. तमिळनाडूतून आलेले अरुमुगम मंथिराम १९८० च्या दशकात गुडइनफ यांच्याबरोबर ऑक्सफर्डहून टेक्ससला गेले. नुसत्या ऑक्सिजनऐवजी सल्फेटसारखे गट घेतले तर लोखंडासारख्या साध्या धातूपासूनही चांगलं व्होल्टेज मिळतं, हे दोघांनी दाखवलं. त्याच वाटेवर पुढे अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी हे दोघे गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते, आणि १९९७ साली लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा निबंध आला. आज आपण ज्याला एलएफपी म्हणतो ते हे. गुडइनफ तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते.

याची रचना ऑलिव्हिन या खनिजासारखी. सह्याद्रीच्या काही काळ्या पाषाणांतही ऑलिव्हिनचे कण असतात. यात प्रत्येक ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला असतो. भिंतीतली वीट सिमेंटने पक्की केलेली. लिथियम जवळजवळ सगळं काढून घेतलं, तरी उरतं ते आयर्न फॉस्फेट, आणि त्याचं जवळचं भावंड हेटरोसाइट या खनिजाच्या रूपात जमिनीत सापडतं! कॅथोड रिकामा झाल्यावर दगड होऊन स्वस्थ बसून राहतो, यापेक्षा अधिक काय हवं?

पण तेव्हा त्याला फार कोणी विचारलं नाही. व्होल्टेज साडेतीनच्याही खाली, विजेचं वहन अगदी मंद, आणि तेवढ्याच वजनात साठवण कमी. १९९९ च्या सुमारास मिशेल आर्मां यांच्या कॅनडातल्या गटाने कणांवर कार्बनचा पातळ थर चढवला, तेव्हा कुठे हा पदार्थ चालता झाला. तरीही मोठ्या कंपन्यांच्या लेखी तो बराच काळ गरीब नातेवाईकच राहिला. चीनमध्ये मात्र त्याच्यावर नेटाने काम होत राहिलं, बसगाड्यांत तो वापरला गेला. २०२१ साली टेस्लाने आपल्या साध्या पल्ल्याच्या गाड्या एलएफपीवर नेण्याचं जाहीर केलं. २०२४ साली जगभरच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्यांत क्षमतेच्या हिशोबाने जवळपास निम्मा वाटा या गरीब नातेवाइकाचा होता. आपल्याकडे टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली तीच मुळी एलएफपी घेऊन.

२०१९ साली गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे, इतक्या वयात नोबेल मिळालेले पहिलेच. स्टॉकहोमला त्यांचं व्याख्यान मंथिराम यांनी दिलं. जून २०२३ मध्ये शंभरी पूर्ण करून गुडइनफ गेले.

हा सगळा इतिहास आपल्या दाराशी कसा येतो ते सांगून आवरतं घेतो. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात लोहगाव भागात रस्त्यालगत उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. तो व्हिडिओ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीच्या स्फोटात सात वर्षांचा एक मुलगा दगावला. वर्षअखेरीपासून सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि बऱ्याच उत्पादकांनी एलएफपीची वाट धरली. याचा अर्थ एलएफपी पेटतच नाही असा नव्हे. द्रव त्यातही ज्वलनशील आहे, आणि खराब बांधणीला कुठलंच रसायन वाचवू शकत नाही. फक्त तिथे आगीला आतून ऑक्सिजनची शिदोरी सहज मिळत नाही, आणि पळायला जास्त वेळ मिळतो. तो वेळ कोणाच्या तरी घरी आयुष्याएवढा मोलाचा असतो.

म्हणून, घरी कोणी स्कूटर किंवा गाडी घ्यायला निघालं, तर पल्ला आणि रंग विचारून झाल्यावर "आत एलएफपी आहे की एनएमसी?" एवढं जरूर विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर माहितीपत्रक मागा. बॅटरी निकेलवाली असेल तर रोज शंभर टक्के भरायचा हट्ट नको, ऐंशीवर थांबा. भरलेली बॅटरी मे महिन्याच्या उन्हात तासन् तास उभी ठेवू नका, आणि स्कूटरची सुटी बॅटरी रात्री झोपायच्या खोलीत, दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. मोबाइलचंही तेच, उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही. मामी, हे शेवटचं वाक्य खास तुमच्यासाठी!